सत्तावीस नंबरची खुंटी

आजच्या समारंभाच्या माननीय अध्यक्षा, व्यासपीठावर बसलेले संचालक मंडळाचे सदस्य, उद्योग मंडळाकडून वेळात वेळ काढून आलेले पाहुणे, माझे सगळे सहकारी, आजी आणि माजी विद्यार्थी, दाराजवळ उभे असलेले आणि 'बसा' म्हटलं तरी न बसणारे आपले शिपाईमामा, आणि आज पहिल्या रांगेत मधोमध बसवल्यामुळे फार अवघडलेल्या आपल्या आक्का, आणि त्यांचे यजमान.

आक्कांना असं बसलेलं आपण कुणी पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं त्या आपल्याला एका चौकोनात दिसल्या. टूलरूमची खिडकी तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. त्या चौकोनात दोन हात, एक चष्मा आणि मागे खुंट्यांच्या रांगा. नव्या मुलांना तर बरेच दिवस वाटायचं की आक्कांना पायच नाहीत. हसा, हसा, हे मला एका मुलानेच सांगितलं होतं.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'प्राचार्यांचे गौरवपर भाषण' असं छापलं आहे आणि कंसात दहा मिनिटं. मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. अध्यक्षांची परवानगी सकाळीच घेतली आहे. परवानगी देताना त्यांना बरं वाटलं नव्हतं, ते का, हे पुढे येईलच.

पाहुण्यांसाठी आधी आमच्या टूलरूमची पद्धत सांगतो. प्रत्येक शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला पितळेचे पाच बिल्ले मिळतात. त्यावर ज्याचा त्याचा नंबर ठोकलेला असतो. साधन हवं असेल तर खिडकीवर जायचं, बिल्ला द्यायचा. ज्या खुंटीवरून साधन निघालं त्याच खुंटीवर आक्का तो बिल्ला टांगतात. साधन परत दिलं की बिल्ला परत. म्हणजे कुठलं साधन कुणाकडे आहे हे भिंतीकडे बघून कळतं. पद्धत जुनीच आहे, जगभरच्या कारखान्यांत होती. पण ती एकतीस वर्षं एकही दिवस न चुकता पाळणारी व्यक्ती मी एकच पाहिली.

आमच्या आधीचे प्राचार्य, त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे, एकदा खिडकीवर आले. त्यांच्या घरी कपाट यायचं होतं, दार मोजायला टेप हवी होती. म्हणाले, "आक्का, जरा टेप द्या."

आक्का म्हणाल्या, "बिल्ला?"

"अहो, मी प्राचार्य आहे."

"हो ना, सर. बिल्ला?"

प्राचार्यांना बिल्ले नसतात. मग मोठ्या सरांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिडकीत ठेवलं. आक्कांनी ते टेपच्या खुंटीवर टांगलं. दोन दिवस ते तिथेच टिकटिक करत होतं, आणि मोठे सर दोन दिवस लोकांना वेळ विचारत होते.

मुलांशी त्यांची तीनच वाक्यं ठरलेली. पहिलं, "बिल्ला?" दुसरं, "हात पुसून ये, कापड त्यासाठीच टांगलंय." आणि तिसरं, साधन हातात देण्याआधी, "आधी झिरो." म्हणजे केसाएवढं बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर पूर्ण मिटवल्यावर तो शून्यच दाखवतो ना, हे बघणं. आक्का आधी स्वतः बघायच्या, मग तुम्हाला दाखवायच्या, मग रजिस्टरवर तुमची सही घ्यायच्या. आणि पाच वाजता खिडकी बंद. पाच वाजून एक मिनिटाने आलेल्याला संचालक असला तरी उद्या सकाळी.

इथवर गौरव झाला. आक्का, तुम्ही घड्याळ बघताय, मला दिसतंय.

आता मागच्या रांगांमधल्या मुलांसाठी. शिक्षक असतानाचे बिल्ले मी प्राचार्य झाल्यावरही वापरतो, त्यावर तुमच्यात एक जुना विनोद आहे, तो मलाही माहीत आहे. 'सगळ्यांचे पाच बिल्ले, प्राचार्यांचे चारच.' कुणी म्हणतं मी एक जुगारात हरलो, कुणी म्हणतं नदीत पडला. मी स्वतः विचारणाऱ्याला सांगत आलो की हरवला. तो हरवलेला नाही. माझा पाचवा बिल्ला, नंबर चौदा, बावीस वर्षं टूलरूमच्या भिंतीवर आहे. सत्तावीस नंबरच्या खुंटीवर. तुमच्यापैकी प्रत्येकाने तो पाहिलेला आहे.

तो तिथे का आहे, हे सांगायला मी उभा राहिलो आहे.

पुढच्या महिन्यात आपली अकरा मुलं विद्यार्थी कौशल्य संमेलनाला जाणार आहेत. बावीस वर्षांपूर्वी सात गेली होती. त्यांना घेऊन जाणारा शिक्षक मी होतो. वय अठ्ठावीस, नोकरीला दीड वर्ष, अजून कायम व्हायचा होतो. संमेलन म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो. मोठ्या हॉलमध्ये स्पर्धा असतात, दिवे असतात, पदकं असतात, फोटो काढणारे असतात. पण आपल्यासारख्या शाळेतली मुलं ज्यासाठी जातात ते त्या हॉलमध्ये नसतं. ते मागच्या शेडमध्ये असतं. तिथे उद्योग मंडळाचे परीक्षक बसतात आणि प्रमाणपत्राची परीक्षा घेतात. पदक भिंतीवर लागतं. प्रमाणपत्र कारखान्याच्या गेटवर दाखवता येतं. ते असलं की मुलगा किंवा मुलगी थेट यंत्रावर लागते, नसलं की गोदामात किंवा पॅकिंगला. आणि ही परीक्षा फक्त शिकत असलेल्यांना देता येते. शाळा सुटली की ती वाट बंद. तेव्हा तरी असंच होतं.

परीक्षा साधी होती. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवत तासणाऱ्या यंत्रावर, एक पायऱ्यांचा शाफ्ट, म्हणजे टप्प्याटप्प्याने बारीक होणारा दांडा, बनवायचा. प्रत्येक पायरीचं माप ठरलेलं, इकडे तिकडे दोन शतांश मिलिमीटरची सूट. लेथ त्यांचे, मोजायची साधनं आपापल्या शाळेतून आणायची. आपल्याकडे त्या मापाचा चांगला मायक्रोमीटर तेव्हा एकच होता. सत्तावीस नंबरच्या खुंटीवरचा.

आदल्या दिवशी मी तो घेतला. आक्कांनी झिरो बघितला, मला दाखवला, सही घेतली, पेटीत ठेवून दिला. म्हणाल्या, "सर, प्रवास आहे. पेटीतून काढू नका."

मी काढला.

आता पन्नाशीत हे सांगताना लाज वाटते, पण कारण असं होतं की मला तो कोटाच्या वरच्या खिशात लावून मिरवायचा होता. इतर शाळांचे शिक्षक, कारखान्यांचे लोक तिथे येणार. डॉक्टरच्या गळ्यात जसा स्टेथोस्कोप असतो तसं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. नोंदणीच्या टेबलावर सही करायला वाकलो आणि तो खिशातून निसटला. फरशीवर पडला. टण्ण. लोखंड पडल्याचा आवाज लेथवर काम करणाऱ्याला लांबून ओळखू येतो. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या मुलीने तो उचलला.

त्या मुलीला वर्गात सगळे 'शंका' म्हणायचे, कारण प्रत्येक तासाला तिचा हात वर आणि "सर, एक शंका." ती शेवटच्या वर्षाला होती. बारीक, उंच, आणि माप घेताना श्वास धरायची. तिने मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि विचारलं, "सर, झिरो बघू का?"

आपल्या प्रयोगशाळेत दारासमोर एक पाटी आहे. 'साधन पडले? आधी शून्य तपासा.' ती पाटी मी रंगवलेली आहे, माझ्या हाताने, त्या संमेलनाच्या आदल्या वर्षी. मुलीने मला माझीच पाटी वाचून दाखवली, असं म्हणा. आजूबाजूला चार-पाच शिक्षक बघत होते. मी म्हणालो, "काही झालेलं नाही. तू तुझ्या रांगेत जा."

ती गेली.

झिरो बघायला किती वेळ लागतो? पाहुण्यांना माहीत आहे. मिटवायचा, बघायचा, उघडायचा. मी आत्ता हे वाक्य बोललो तेवढासुद्धा नाही.

सातही मुलांनी आळीपाळीने त्या मायक्रोमीटरने मापं घेतली. दोन तुकड्या झाल्या, चार आणि तीन. मी काचेबाहेरून बघत होतो. सुंदर काम केलं पोरांनी. शंकाने शेवटचा हात मारला, माप घेतलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मायक्रोमीटर जे सांगत होता ते बरोबर वीस मिलिमीटर होतं. शाफ्ट एकोणीस पूर्णांक शहाण्णव शतांश होता. अर्ध्या केसाएवढा कमी. आणि लेथवर एकदा उतरलेलं लोखंड परत चढवता येत नाही.

चारच्या सुमारास परीक्षकांनी मला आत बोलावलं. वयस्कर गृहस्थ होते, हातावर जुने भाजल्याचे डाग. सात शाफ्ट समोर ओळीने मांडलेले.

म्हणाले, "मास्तर, बसा. तुमची सातही मुलं नापास आहेत. आणि मला फार आनंद झालाय."

मला वाटलं माणूस विक्षिप्त आहे.

"चिडू नका. हे बघा. चार शतांश कमी, चार शतांश कमी, चार, चार, साडेचार, चार, चार. हात सात, आणि चूक एक. सात जणांच्या हातून एकच चूक कधी होते का? मुलांचे हात घड्याळासारखे आहेत. तुमचं माप मार खाल्लेलं आहे." मग त्यांनी मायक्रोमीटर मिटवून माझ्यापुढे धरला. "हे पडलंय कुठेतरी. आज इथे, या आवारात पडलं का?"

मी शाफ्टांच्या ओळीकडे बघत राहिलो.

"इथे पडलं असेल तर अपघात धरतो आम्ही. दोन ओळी लिहून द्या, सही करा. उद्या सकाळी आठ वाजता सातही जणांना नवा शाफ्ट करायला देतो, मोजायला माझं माप देतो, दुपारी प्रमाणपत्रं घेऊन जा. घरूनच असं आलं असेल तर मात्र माझा नाइलाज आहे. साधन तपासून आणणं शाळेचं काम." आणि त्यांनी स्वतःचं पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं.

दोन ओळी. मी आजही त्या दोन ओळी म्हणून दाखवू शकतो, कारण नंतर मी त्या मनात फार वेळा लिहिल्या. 'सदर साधन आज सकाळी नोंदणीच्या जागी माझ्या हातून पडले. मी ते तपासले नाही.' बस. पण तिथे बसल्या बसल्या मला मुलं दिसली नाहीत. मला ते कागद आपल्या शाळेत आलेले दिसले, मोठ्या सरांच्या टेबलावर, आणि माझ्या कायम होण्याच्या फाइलवर. शिवाय ती पाटी. ज्याने पाटी रंगवली तोच.

मी म्हणालो, "आमच्या टूलरूममधून ते असंच आलं."

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, "मग वाईट झालं." एवढंच.

बसमध्ये मुलं आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती. एकजण मला म्हणाला, "सर, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." नापास झालेली पोरं मला धीर देत होती. शंका खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने काही विचारलं नाही. त्या दिवसानंतर वार्षिक परीक्षेपर्यंत तिने वर्गात एकदाही हात वर केला नाही, आणि मी तिला एकदाही 'काय गं, शंका संपल्या का?' असं विचारलं नाही.

इथे मला थोडं पाणी घेऊ द्या.

चौकशी झाली. मोठ्या सरांच्या खोलीत आम्ही दोघं उभे, आक्का आणि मी. आक्का म्हणाल्या, "मी तपासून दिलं होतं. झिरो बरोबर होता. सरांना दाखवला, सरांनी सही केली." रजिस्टर उघडून त्यांनी सही दाखवली.

मोठे सर माझ्याकडे वळले. "तुम्ही बघितला होता का हो?"

आणि मी म्हणालो, "गडबड होती, सर. आक्कांनी दिलं, मी घेतलं. विश्वासावर."

मित्रहो, मी यंत्रावर बोट कापून घेतलेलं आहे, नोकरीत अपमान गिळलेले आहेत, आईवडिलांशी नको ते बोललो आहे. पण माझ्या तोंडून निघालेला सगळ्यात घाणेरडा शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मी 'विश्वासावर' हा सांगेन. खोटं होतं ते होतंच, वर त्याला चांगले कपडे घातले होते.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण एखादं साधन उजेडाकडे धरून बघतो, तसं.

शिक्षकाचं म्हणणं धरलं गेलं. आक्कांच्या सेवापुस्तकात शेरा गेला, 'साधन न तपासता दिले.' आता हे आजच्या किती जणांना माहीत आहे? त्या वर्षी आक्कांनी मापनशास्त्राची पदविका पुरी केली होती, नोकरी आणि घर सांभाळून, आणि मापन प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून त्यांचं नाव वर गेलं होतं. शेऱ्यामुळे ते परत आलं. तो शेरा सगळ्या कर्मचाऱ्यांसमोर मोठ्याने वाचला गेला. याच हॉलमध्ये. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. दोन वर्षांनी मी विभागप्रमुख झालो, नंतर प्राचार्य. मुलांपैकी चार जण पहिल्या वर्षाला होते, त्यांना पुढच्या वर्षी परत बसता आलं. तिघांचं शेवटचं वर्ष होतं. त्यांचं राहिलं ते राहिलं.

तो मायक्रोमीटर चौकशीचा पुरावा म्हणून पेटीसकट लिफाफ्यात घालून माझ्याकडे आला आणि माझ्या कपाटात राहिला. खिडकीवर तो कधी परत गेला नाही. साधन परत नाही, म्हणजे बिल्ला परत नाही. आक्कांनी बिल्ला जिथे होता तिथेच ठेवला.

त्यानंतर आक्का माझ्याशी कशा वागल्या? तंतोतंत पहिल्यासारख्या. फरक एकच पडला. इतरांना त्या आधी स्वतः झिरो बघून साधन देतात. मला, त्या दिवसापासून, साधन नुसतं खिडकीत ठेवतात आणि म्हणतात, "तुम्ही बघा, सर. मी थांबते." मी मिटवायचा, बघायचा, 'बरोबर आहे' असं तोंडाने म्हणायचं, मग सही. बावीस वर्षं. मुलांना वाटायचं आक्का सरांना मान देतात. एकदा एक नवा शिक्षक मला म्हणालाही, "तुमचा फार आदर करतात हो त्या."

शंका मला नंतर एकदाच भेटली. सहा वर्षांनी पंपांच्या एका कारखान्यात मुलांना दाखवायला घेऊन गेलो होतो. ती पॅकिंगला होती. खोक्यांत पंपाभोवती फोम भरत होती. तिच्यापासून दहा पावलांवर काच होती आणि काचेपलीकडे मापनाची खोली. "नमस्कार, सर," म्हणाली. मी मुलांना सांगितलं, "ही आपली माजी विद्यार्थिनी बरं का." मुलांनी टाळ्या वाजवल्या. तिने हातातलं खोकं बाजूला ठेवलं आणि मला हळूच विचारलं, "सर, ते माप दुरुस्त झालं का हो?"

मी म्हणालो, "हो, लगेच झालं."

ते तेव्हा माझ्या कपाटात होतं.

आता तुम्ही म्हणाल, बावीस वर्षं हा माणूस गप्प बसला, मग आजच काय झालं? मला फार वरचं कारण सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. खरं कारण एक यादी आहे.

आक्कांकडून टूलरूमचा ताबा घ्यायला ग्रंथालयातून बदलून आलेले आपले नवे सहायक सोमवारी माझ्या खोलीत आले. पुस्तकांतला माणूस, एकेक ओळ बोटाने वाचणारा. म्हणाले, "सर, चारशे बारा साधनं आहेत, चारशे अकरा जागेवर आहेत. सत्तावीस नंबरच्या खुंटीवर साधन नाही, नुसता बिल्ला आहे. चौदा. हा कुणाचा म्हणायचा?"

यादीत आक्कांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'साधन बाहेर आहे. बिल्ला चौदा.' नाव नाही, तक्रार नाही. पण छापील फॉर्ममध्ये तीनच रकाने आहेत, 'जागेवर', 'दुरुस्तीला' आणि 'गहाळ'. प्राचार्यांनी एकावर खूण करून सही करायची.

आमचे हेडक्लार्क शेजारी उभे होते. फार व्यवहारी माणूस, आणि त्यांचा यात काहीही दोष नाही, त्यांना काही ठाऊकच नव्हतं. म्हणाले, "गहाळ करून टाका, साहेब. इतकं जुनं कोण विचारतंय? आक्कांच्या निवृत्तीच्या कागदावर एक ओळ येईल, एवढंच. नाममात्र."

मी पेन उघडलं होतं. खूणही केली असती. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पेन टेकवेपर्यंत माझा हात थांबला नव्हता. तो थांबला ते शब्दाने. एक ओळ. तेव्हा दोन ओळी लिहिल्या नाहीत म्हणून आक्कांच्या नावावर शेरा गेला, आणि आता एका खुणेने जाता जाता त्यांना दुसरा शेरा देऊन पाठवायचं होतं. तेच साधन, तीच बाई, तोच मी. पहिल्या वेळी मी अठ्ठावीस वर्षांचा घाबरट होतो, असं तरी म्हणता येतं. आता काय म्हणणार होतो?

मी तिन्ही रकाने सोडले आणि शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं, 'साधन माझ्याकडे आहे. घेतले तेव्हा शून्य बरोबर होते. माझ्या हातून पडले आणि मी खोटे बोललो.' तीन वाक्यं झाली. तेव्हा दोनात भागलं असतं.

मग खिडकीवर गेलो. चार मुलं रांगेत होती, त्यांच्या मागे उभा राहिलो. नंबर आल्यावर म्हणालो, "आक्का, शुक्रवारी मी सगळं बोलणार आहे. तुमची हरकत असेल तर नाही बोलणार."

आक्का कापडाने एक कॅलिपर पुसत होत्या. म्हणाल्या, "यादीवर सही केलीत?"

"केली."

"काय लिहिलंत?"

मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, कॅलिपर खुंटीवर टांगला आणि म्हणाल्या, "मग बोला की. भाषण तुमचं. फक्त लांबवू नका, सर. पाचला मला खिडकी बंद करायचीय, शेवटचा दिवस असला तरी."

त्यांनी मला माफ केलं, असं मी तुम्हाला सांगत नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत आणि मी मागितलंही नाही. मागायचा हक्क लागतो.

आज सकाळी अध्यक्षांना मी पत्र दिलं आहे. आक्कांच्या सेवापुस्तकातला शेरा काढावा आणि माझी चौकशी करावी, असं त्यात लिहिलं आहे. या खुर्चीवर मी राहावं की नाही, हे मंडळाने ठरवावं. जे ठरेल ते मला मान्य आहे. त्या सात जणांपैकी पाच जणांचे पत्ते मिळाले, त्यांना पत्रं टाकली आहेत. शंकाचा पत्ता मिळालेला नाही. तो कारखाना बंद झाला. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर मला द्या. ती पुन्हा 'सर, एक शंका' म्हणेपर्यंत थांबायची माझी तयारी आहे.

अध्यक्षा मॅडम पत्र वाचून मला म्हणाल्या होत्या, "हे आज, सगळ्यांसमोरच बोलायला हवं का? आजचा दिवस त्यांचा आहे." प्रश्न रास्त होता. माझं उत्तर एवढंच होतं की शेरा या हॉलमध्ये, माईकवरून वाचला गेला होता. तो मागे घ्यायचा तर लिफाफ्यातून कसा घेणार?

उद्योग मंडळाच्या पाहुण्यांना एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात आमची अकरा मुलं तुमच्या शेडमध्ये येतील. त्यांचं साधन पडलं तर ती तुम्हाला येऊन सांगतील. त्यांच्यासोबतचा शिक्षक सांगेल की नाही, तेही बघा. आणि मुलांनो, तुमच्यापैकी कुणी जर मोठ्या माणसाला विचारलं, 'सर, झिरो बघू का?' आणि तो म्हणाला, 'तू रांगेत जा', तर जाऊ नका. माझ्या शब्दावर थांबा. अर्थात माझा शब्द किती धरायचा ते तुम्ही ठरवा.

आक्का, हे तुमचं साधन. बघा, आज खिशात नाही आणलं. पेटीत आहे, त्याच पेटीत. दुरुस्त केलेलं नाही. चार शतांशाची चूक आहे तशी आहे; ती घालवून आणली असती तर परत खोटं झालं असतं. मी खाली येऊन देतो तुमच्या हातात...

काय म्हणता? जरा माईक द्या त्यांना कुणीतरी. नको? बरं.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. आक्का म्हणताहेत, "इथे नाही घेत. हात पुसून खिडकीवर या."

आक्कांचे यजमान हसताहेत. ते घरी काय काय ऐकत आले असतील, कोण जाणे.

तेव्हा आवरतं घेतो. आक्कांनी एकतीस वर्षं या शाळेची मापं खरी ठेवली, त्याबद्दल शाळेच्या वतीने त्यांचे आभार मानतो. माझ्या स्वतःच्या वतीने मानायची माझी अजून लायकी नाही. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, तुम्ही सगळे इतका वेळ खुर्च्या न वाजवता बसलात, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते सोडून द्या. जे बोलण्यात नाही, हातून झालं, ते मात्र सोडू नका.

आणि अध्यक्षा मॅडम, चहाला मी थोडा उशिरा येईन. पाचला दहा कमी आहेत. आक्का उठल्यासुद्धा.